‘मराठीत काही चांगलं येतच नाही’ म्हणण्याची पूर्वतयारी

‘ओटीटीवर मराठीत बघण्यासारखं काही नसतंच हो,’ हे वाक्य चारचौघांत टाकायला सोपं वाटतं. पण छातीठोकपणे टाकायचं तर थोडी मेहनत लागते. चुकून एखादी चांगली गोष्ट नीट बघितली गेली की पंचाईत. परवा एका सद्गृहस्थांनी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा शास्त्रीय गायकावरचा मराठी सिनेमा फोनवर दीडपट वेगाने बघितला आणि ‘फार संथ आहे’ असा निकाल मला ऐकवला. त्यांचा आदर्श समोर ठेवून हे काही धडे.

सर्चच्या भिंगाला हात लावायचा नाही. भिंग दाबलं की नाव टाईप करावं लागतं, आणि त्यासाठी ते आधी माहीत असावं लागतं. एवढा व्याप कोण करणार? थेट ‘टॉप १०’ गाठा. नेटफ्लिक्सवर २०२३ पासून ही क्रमवारी कशी लागते, तर लोकांनी मिळून जितके तास बघितलं त्याला कार्यक्रमाच्या लांबीने भागायचं. सोफ्यावर डोळा लागल्यावर चालू राहिलेला टीव्हीही त्या तासांत जमा. म्हणजे पहिला नंबर ठरवण्यात घोरणाऱ्यांचाही वाटा असतो. बहुमताचा आदर करा.

ॲप हिंदीत उघडलं तर हिंदीतच बघा. ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली, मूळ मराठीत. परभणी जिल्ह्यातलं मानवत, १९७०च्या दशकाची सुरुवात, तपासाला आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी म्हणजे आशुतोष गोवारीकर. सोबत सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर. आणि मकरंद अनासपुरे. अनासपुऱ्यांचा मराठवाडी हेल हिंदी डबिंगमध्ये ऐकणं म्हणजे कोवळा हुरडा मिक्सरमधून काढून ग्लासातून पिणं. पडद्याला बोट लावून ऑडिओमध्ये ‘मराठी’ निवडायला चार सेकंद लागतात, पण तुमच्यासारख्या कामाच्या माणसाने चार सेकंद आणायचे कुठून? प्राइमवरची ‘पोचर’ ही मालिकाही अशीच सरसकट हिंदीत उरका. केरळच्या जंगलात मल्याळम, दिल्लीत हिंदी असा रिची मेहता यांनी भाषेनेच नकाशा आखलाय. तो पुसून टाका, मग ‘कोण कुठे चाललंय काही कळत नाही’ म्हणायला मोकळे.

पहिला भाग मेथी निवडताना बघावा. सबटायटल असतील तर फारच उत्तम.

काही आवडलंच, तर अंगठा दाबू नका. ‘माय लिस्ट’मध्ये टाकून ठेवा आणि लोणच्यासारखं मुरेल अशी आशा धरा. तोवर ॲपच दुसऱ्या घरात नांदायला जातं. वूट जिओसिनेमात गेलं, जिओसिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये हॉटस्टारसोबत मिळून जिओहॉटस्टार झालं.

टेलिग्रामवरून फुकट उतरवा, बघा, आणि मग विचारा, ‘दुसरा सीझन का काढत नाहीत?’

सुरू केलेलं पूर्ण करू नका, याला तर शास्त्राधार आहे. नेटफ्लिक्सने २०१९ साली ब्रिटिश संसदेच्या समितीला लिहून कळवलं होतं, की ते प्रेक्षकांचे तीन ढीग करतात. सिनेमाची दोन मिनिटं बघणारे, ७० टक्के बघणारे आणि ९० टक्के बघणारे. निर्मात्याला कळतात ते पहिल्या ७ आणि पहिल्या २८ दिवसांचे आकडे. तेव्हा चांगल्या गोष्टीचा काटा काढायचा असेल, तर ती महिनाभराच्या आत सुरू करा, पाचव्या मिनिटाला सोडा आणि पहिल्या ढिगात जाऊन बसा.

आता वेग. फोनवर सिनेमा चालू असताना पडद्याला बोट लावलं की ‘स्पीड’ दिसतो. अर्ध्यापासून दीडपर्यंत पाच पायऱ्या, त्यातली शेवटची निवडा. ‘डिसायपल’ १२८ मिनिटांचा आहे, तो ८५ मिनिटांत आटोपतो. ४३ मिनिटं वाचली, तेवढ्यात रील बघून होतात. सुराची उंची ॲप सांभाळून घेतं, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटतही नाही. बिघडते ती लय. तानपुऱ्याच्या तारा ज्या सावकाशीने एकीमागून एक छेडल्या जातात ती सावकाशी गेली. विलंबित मध्यलयीत आलं, आलाप बस पकडायला निघाल्यासारखा धावू लागला, आणि समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघण्यातली गंमतच संपली, कारण समच धावत येऊन अंगावर पडते. सिनेमातला गायक शरद नेरुळकर रात्रीच्या मुंबईत मोटरसायकलवरून जाताना आपल्या गुरुजींच्या गुरू माईंची जुनी व्याख्यानं ऐकतो. ती गाडी दिग्दर्शकाने मुद्दाम स्लो मोशनमध्ये ठेवली आहे. तुम्ही तिला परत पिझ्झा पोचवणाऱ्याच्या वेगावर आणलंत! आणि माईंचा तो आवाज कोणाचा, माहीत आहे? दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. त्या १९ एप्रिल २०२१ला गेल्या, सिनेमा ३० एप्रिलला नेटफ्लिक्सवर आला. अकरा दिवस. तोलूनमापून बोलणारा तो आवाज तुम्ही भाजीमंडईतल्या लिलावासारखा ऐकलात. शरद झालेले आदित्य मोडक खरे गायक, गुरुजी झालेले अरुण द्रविड खरे गवई. व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत ‘मान्सून वेडिंग’नंतर जवळजवळ वीस वर्षांनी भारतीय सिनेमा गेला तो हा, मराठी, आणि पटकथेचं पारितोषिक घेऊन आला. वर्षानुवर्षं रियाज करूनही गाणं हाती लागत नाही अशा माणसाची ही गोष्ट, आणि तिला संथ कोण म्हणतंय? ज्याला दोन तास एका जागी बसवत नाही तो!

नका बघू. खरंच नका बघू, न आवडणं हा तुमचा हक्क आहे. पण बघितल्यासारखं करून निकाल कसले देता? ‘पेट पुराण’ बघितली होती? मूल नको म्हणणारं जोडपं, घरात आलेली मांजर आणि कुत्रा, साधी घरगुती मालिका. ‘शांतीत क्रांती’? नावं तरी ऐकलीत का? टॉप १०मध्ये नव्हती, म्हणजे नव्हतीच. मूळ मराठीत मालिका काढणारे आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मराठी ऑडिओ मराठी घरांतच कोणी लावत नाही असं त्यांना दिसलं, तर पुढची ते मराठीत कशाला लिहितील? हिंदीत लिहितील. आणि ती तुम्ही दीडपट वेगाने बघाल.

आज रात्री ‘मानवत’ लावा. ऑडिओ मराठी, वेग एक, फोन दुसऱ्या खोलीत. मेथी आधी निवडून घ्या.