जुन्या जादूचे नवे मालक व्हायचंय?

जादूत नाव कमवायला हातसफाईचा वर्षानुवर्षं रियाज लागतो, असं कुणी सांगितलं असेल तर विसरा. स्कॅनर घ्या.

आधी एक मेलेला लेखक गाठा. प्रोफेसर हॉफमन यांचं ‘मॉडर्न मॅजिक’ हे जादूचं पुस्तक १८७६चं, आणि ते स्वतः गेले १९१९मध्ये. तक्रार करायला येत नाहीत. पानं स्कॅन करा, प्रत्येकावर तिरका वॉटरमार्क मारा, वर ‘सर्व हक्क राखीव’ ठोका. कॉपीराइट कधीच संपलाय हे गिऱ्हाइकाला कळेपर्यंत पैसे जमा झालेले असतात. अर्डनेझचं पत्त्यांवरचं १९०२चं पुस्तक तर त्याहून सोयीचं. हा अर्डनेझ खरा कोण, तेच अजून ठरलेलं नाही. वारस येणार कुठून?

प्रॉप्स हवेत? फोटो सुताराला दाखवा. जादूगार रॉबर्ट हार्बिनने आपल्या पुस्तकाच्या फक्त ५०० प्रती काढल्या आणि आतल्या माणसाचे तुकडे झाल्याचं भासवणारी ‘झिग झॅग’ पेटी बनवायची मुभा पुस्तक घेणाऱ्यांनाच दिली. तेवढ्या परवानग्यांतून जगभर इतक्या पेट्या निघाल्या, ही खरी जादू.

पेटंटच्या नादी लागू नका. त्यात रहस्य स्वतःच छापून द्यावं लागतं.

जिवंत माणसाचं काही हाती लागलं की मात्र लगेच सूर बदलायचा: ‘ज्ञान सगळ्यांचं असतं!’ मी पत्त्यांच्या जुन्या युक्त्यांवर टिपा लिहिल्या, रात्री जागून आकृत्या काढल्या. आता ती पीडीएफ माझं नाव खोडून गटागटांत फिरतेय. फिरवणारा कोण? तोच, हॉफमनच्या स्कॅनवर वॉटरमार्क मारून विकणारा, आणि ‘माझी’ फाइल कुणाला पाठवलीत तर नोटीस धाडीन म्हणणारा! जाब विचारला तर मलाच कायदा शिकवतो: ‘युक्तीवर कॉपीराइट नसतो.’

नसतोच. कोण म्हणतंय असतो? युक्ती खुशाल करा, स्वतःच्या शब्दांत शिकवा. पण माझी वाक्यं माझी आहेत, माझ्या आकृत्या माझ्या आहेत. अमेरिकी जादूगार टेलर याने गुलाबाची सावली कापण्याचा प्रयोग १९८३मध्ये मूकनाट्य म्हणून नोंदवला होता. २०१४मध्ये अमेरिकी कोर्टाने त्याच्याच बाजूने निकाल दिला, तो सादरीकरणासाठी, गुपितासाठी नव्हे. एवढा फरक कळत नाही असं नाही, कळून घ्यायचा नाहीये. जे सगळ्यांचं आहे त्याला कुलूप लावता आणि दुसऱ्याच्या घरात शिरून ‘ज्ञान मुक्त आहे’ म्हणता? लाज वाटू द्या. आणि ती पीडीएफ काढून टाका, आजच.