आजींनी वही मिटली

आज संध्याकाळी मंडळीच्या शास्त्राभ्यासात, म्हणजे बायबलच्या अभ्यासवर्गात, एका आजींनी वही मिटली. रात्रीचे अकरा वाजलेत, पण ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

आजी सत्तरीच्या पुढच्या. हातात भिंग. वही म्हणजे नातवाच्या गेल्या वर्षीच्या गणिताच्या वहीतली उरलेली कोरी पानं, त्यांना केसांचा रबर लावलेला. आठवडाभर मत्तयाच्या शुभवर्तमानाचे शेवटचे अध्याय वाचून त्यांनी एकच प्रश्न लिहून आणला होता: पेत्र रडला आणि यहूदाही पस्तावला, मग एक परत आला आणि दुसरा गेला तो का? (पेत्राने येशूला नाकारलं होतं, यहूदाने त्याला पकडून दिलं होतं.) अभ्यास चालवणारे भाऊ हसून म्हणाले, "आजी, या वयात इतकं खोलात शिरून काय करायचंय? साधा विश्वास पुरे." सगळे हसले. आजीही हसल्या. रबर लावला, वही पिशवीत गेली. पुढचा तासभर भिंगसुद्धा बाहेर आलं नाही.

"या वयात." हे दोन शब्द आपल्या मंडळ्यांमध्ये किती सहज बोलले जातात! दृढीकरणाचा, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा वर्ग झाला, दहा आज्ञा आणि प्रेषितांचा मतांगीकार ही विश्वासाची कबुली पाठ झाली, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, की शिकणं संपलं. पुढची पन्नास वर्षं फक्त बाकावर बसून ऐकायचं. डॉक्टर असं वागला तर आपण त्याच्याकडे पाऊल टाकणार नाही. आणि देवाच्या वचनाच्या बाबतीत मात्र यालाच नम्रता म्हणायचं?

प्रेषित पौलाचं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढा, चौथा अध्याय. माणूस कैदेत आहे. सहाव्या वचनात स्वतःच सांगतोय की जाण्याची वेळ जवळ आली आहे. थंडीचे दिवस तोंडावर आहेत, कारण पुढे एकविसाव्या वचनात तो तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी यायला सांगतो. अशा वेळी तो मागवतो काय? तेराव्या वचनात यादी आहे: त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तकं, आणि विशेषकरून चर्मपत्रं. अंगाला झगा हवाच, पण "विशेषकरून" हा शब्द चर्मपत्रांना लावलाय. मरणाच्या दारात बसलेल्या पौलाला कुणी म्हणालं असतं का, की या वयात कशाला?

नव्या करारात ज्याला आपण शिष्य म्हणतो तो मूळ ग्रीकमध्ये "मथेतेस", म्हणजे शिकणारा. प्रभू म्हणतो माझं जू घ्या आणि माझ्यापासून शिका, तिथलं "शिका" हे क्रियापदही त्याच मुळातलं. जू बैलाच्या मानेवर रोज चढतं, एका हंगामापुरतं नाही. प्रार्थना, उपास, दान यांना आपण साधना मानतो. मग शिकणं ही शाळकरी पोरांची गोष्ट कशी झाली?

आता लगेच कुणीतरी "ज्ञान फुगवतं" हे करिंथकरांतलं वचन टाकेल. बरोबर आहे, चार पदव्या घेऊन शेजाऱ्याशी धड न बोलणारे विद्वान आपल्याकडेही आहेत, मान्य. दुसरं कुणी सांगेल की पेत्र आणि योहान निरक्षर होते. प्रेषितांच्या कृत्यांचा चौथा अध्याय पुरता वाचा. लोकांनी आश्चर्य केलं, आणि मग ओळखलं की हे येशूबरोबर होते. म्हणजे गुरूच्या मागे गावोगाव फिरून, पुन्हा पुन्हा चुकीचे प्रश्न विचारून शिकलेली माणसं होती ती. शिकणं टाळायला त्यांचं नाव घ्यायचं म्हणजे कमालच आहे.

आणि मराठी ख्रिस्ती माणसाने तरी हे बोलूच नये. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना "पंडिता" आणि "सरस्वती" म्हटलं तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. तिथे थांबल्या असत्या तरी नाव राहिलं असतं. पण त्या इंग्लंडला जाऊन इंग्रजी शिकल्या, अमेरिकेत बालवाडीची शिक्षणपद्धत शिकल्या. आणि बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणायचं म्हणून चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. केडगावला शेकडो मुलीबाळींचा संसार अंगावर असताना. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर हे काम चालू होतं, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. खिळे जुळवणारे हातसुद्धा तिथल्याच बायकांचे. लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख लग्नानंतर झाली. १९१९ मध्ये त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक गेले तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्राचं काव्य त्यांनी हाती घेतलं. जयंतीला या दोघींच्या फोटोला हार घालणारे आपणच, आणि आजींना "साधा विश्वास पुरे" म्हणणारेही आपणच!

थोडं पाणी पिऊन आलो. आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. तो प्रश्न किती चांगला होता हे आज तिथे कुणाच्या लक्षातच आलं नाही, मला सगळ्यात जास्त तेच लागलंय.

मत्तय २७:३ मध्ये यहूदा पस्तावला असं आहे. तिथे ग्रीक क्रियापद आहे "मेटामेलोमाय", मनाला टोचणी लागणं, खंत वाटणं. योहान बाप्तिस्मा करणारा आणि स्वतः प्रभू पश्चात्ताप करा म्हणतात तिथे वेगळं क्रियापद आहे, "मेटानोएओ", मन बदलणं. इथपर्यंत आल्यावर बहुतेक जण टाळी वाजवून थांबतात: यहूदाचा नुसता पस्तावा, तो खरा पश्चात्ताप नव्हे, झालं उत्तर. पण शब्दसूची काढून तेच क्रियापद आणखी कुठे येतं ते पाहा. मत्तय २१ मध्ये दोन मुलांचा दाखला आहे. पहिला मुलगा आधी नाही म्हणतो, मग पस्तावतो आणि द्राक्षमळ्यात कामाला जातो. तिथे हेच "मेटामेलोमाय" आहे, आणि त्या मुलाने बापाची इच्छा पुरी केली! म्हणजे शब्द वाईट नाही. उलट पेत्राच्या रडण्याच्या जागी "मेटानोएओ" कुठेही लिहिलेलं नाही. उत्तर शब्दकोशात मिळत नाही, मग पायांकडे बघावं लागतं, कोण कुठे गेला. यहूदा चांदीची नाणी घेऊन गेला मुख्य याजकांकडे, आणि ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय? पस्तावलेला माणूस दारात उभा आणि धर्माचे जाणते म्हणतात, तुझं तू बघ. पेत्राच्या बाबतीत लूक २२:३२ आधीच सांगतो की प्रभूने त्याच्यासाठी विनंती केली होती, तू वळलास म्हणजे भावांना स्थिर कर. आणि योहान २१ मध्ये प्रभू स्वतः किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव करून त्याची वाट बघतो. योहानात कोळशाचा विस्तव याआधी येतो तो अठराव्या अध्यायात, पेत्र नाकारतो त्या अंगणात.

भिंग घेऊन एकेक ओळ वाचणारी बाई या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी आली होती. आपण तिला उंबऱ्यावरून परत पाठवलं.

अर्धवट ग्रीकही घातक असतं, हेही इथेच सांगून टाकतो. योहान २१ वरचे "अगापे म्हणजे दैवी प्रेम, फिलिया म्हणजे माणसाचं प्रेम" हे संदेश आपण शंभरदा ऐकलेत. झगा मागवणारं तेच पत्र पुन्हा उघडा, ४:१०. देमासाला ऐहिक जगावर प्रेम जडलं, तिथे क्रियापद अगापेचंच आहे. म्हणून एक शब्द घेऊन त्यावर इमारत बांधायची नाही. तो जिथे जिथे येतो ती सगळी वचनं आधी वाचायची, मग बोलायचं.

बायबल शिकायला सुरुवात कशी करायची हे लोक इनबॉक्समध्ये विचारतात, म्हणून इथेच लिहितो. एक जानेवारीला उत्पत्तीपासून धडाक्यात सुरू करू नका. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय. रोज तीन धरले तर ३० जानेवारीला निर्गम संपतं आणि ३१ ला तुम्ही लेवीयाच्या होमबलींत उभे असता. तिथे एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी सहा अध्याय डोक्यावर बसतात, तिसऱ्या दिवशी नऊ, आणि बायबल पुन्हा उशाशी. त्यापेक्षा एक छोटं पत्र घ्या. फिलिप्पैकरांस घ्या, चारच अध्याय, १०४ वचनं, मोठ्याने वाचायला वीस मिनिटं पुरतात. एक आठवडा रोज पूर्ण पत्र वाचा, एकाच बैठकीत, मोठ्याने. मनात वाचताना डोळे ओळखीची वचनं ओलांडून जातात, जिभेला तसं जाता येत नाही. पहिले दोन दिवस काहीही लिहू नका. तिसऱ्या दिवसापासून परत परत येणारे शब्द खाली लिहा. आनंद किती वेळा येतो आणि लिहिणारा कुठे बसून लिहितोय, हे दोन्ही स्वतःच्या बोटाने मोजा. पाचव्या दिवशी प्रेषितांची कृत्ये १६ वाचा, म्हणजे लुदिया आणि तुरुंगाचा अधिकारी भेटतील आणि पत्र कोणाच्या हातात पडलं ते कळेल. सहाव्या दिवशी दुसरं मराठी भाषांतर शेजारी ठेवा, दोन्ही जिथे वेगळं बोलतात तिथे पेन्सिलीने खूण करा. प्रश्न बहुधा तिथेच सापडतात. टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडणारं पुस्तक, सातव्या दिवशी. तो आधी उघडलात तर दुसऱ्याचे प्रश्न तुमच्या डोक्यात बसतात आणि तुमचे स्वतःचे कधी उगवतच नाहीत.

वहीत डावं पान प्रश्नांना, उजवं कोरं ठेवायचं. उत्तर महिन्याने मिळेल, कधी वर्षाने. मिळेल तेव्हा तारीख घालून समोर लिहायचं. आणि रोजचं वाचन संपलं की त्यातल्या एका वाक्याची प्रार्थना करायची, नाहीतर हा सगळा हिशेब होतो, भक्ती होत नाही.

ग्रीकची भीती वाटणाऱ्यांना एवढंच सांगतो: अक्षरं चोवीस. रोज दोन धरली तर बारा दिवस. नव्या करारात पन्नास किंवा त्याहून जास्त वेळा येणारे शब्द तीनशेच्या आसपास आहेत, आणि तेवढे आले की पानावरच्या पाचांतले चार शब्द ओळखीचे होतात. रोज पाच शब्द म्हणजे दोन महिने. अडतं ते व्याकरणावर, म्हणून एकट्याने करू नये, दोघा-तिघांनी मिळून बसावं.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. त्यातल्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात उपवासकाळाचं, म्हणजे लेंटचं वाचन ठरवून दिलंय: प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचं, ते त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचायचं, आणि वाचनाच्या वेळी कुणी रिकामा बसलाय का हे पाहायला एक-दोन ज्येष्ठांनी मठात फिरायचं. आपण लेंटमध्ये चाळीस दिवस मटण सोडतो. पुस्तक हाती घ्यायचं मात्र सुचत नाही.

लिहून राग जरा उतरलाय. ते भाऊ वाईट नाहीत. दिवसभर नोकरी करून, धावत लोकल पकडून अभ्यास घ्यायला येतात, तेही फुकट. बहुधा त्यांना उत्तर ठाऊक नव्हतं आणि तसं म्हणण्याची आपल्याकडे सोय नाही. आपणच ती ठेवलेली नाही. "मला ठाऊक नाही, पुढच्या वेळी शोधून येतो" एवढं म्हणायला जागा असती तर आजींची वही उघडी राहिली असती.

भाऊ, हे वाचत असाल तर पुढच्या बुधवारी हे कराल का? मत्तय २७:१-५, लूक २२:३१-३४ आणि योहान २१:९-१९ मोठ्या टाइपात एका कागदावर छापून आणा, किमान अठराच्या. खिडकीकडच्या ट्यूबलाइटखालची खुर्ची आजींसाठी ठेवा, पंख्याखालची नको, तिथे पानं उडतात. गाणं आणि प्रार्थना झाली की वचन काढायच्या आधी त्यांना वही उघडायला सांगा.