रडक्या आईचं दूध ‘विषारी’ होत नाही

नाशिकमधल्या सिडको-इंदिरानगरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: बाळंतीण रडत असेल, उदास असेल तर तिचं दूध बाळाला बाधतं, म्हणून अंगावर पाजणं बंद करून डब्याचं दूध सुरू करावं. हे खरं नाही.

दुःखाने दूध विषारी होत नाही. खूप ताण असला की ऑक्सिटोसिन, म्हणजे पान्हा फुटायला लावणारं संप्रेरक, कमी स्रवतं आणि पान्हा फुटायला वेळ लागतो, एवढंच. दूध तेच, उतरतं उशिरा. पण ते उतरेना म्हणून आई आणखी घाबरते, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी हा मेसेज तिच्या हातात देतं!

पहिल्या आठवड्यातलं रडू बहुतेक बायकांना येतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपलं तरी झोप लागेना, बाळाविषयी काहीच वाटेनासं झालं, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं’ म्हणणाऱ्या सासूबाईंच्या वेळीही ते होतंच, फक्त नाव ठाऊक नव्हतं.

नैराश्यावरचं औषध सुरू झालं की पाजणं थांबवावंच लागतं, हेही चूक. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फार कमी उतरतं. मात्र गोळी डॉक्टरांनीच ठरवायची. आईच्या मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर थांबू नका, तिला एकटं न सोडता थेट रुग्णालयात न्या. एरवी बोलायला टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, मराठीतही.