पाच-चारचा निसटता पराभव

कमिटीतून फोन आला आणि पलीकडून "तुमचं मराठी फार छान आहे हो" असं ऐकू आलं, की समजून जा. स्मरणिका निघतेय. बिल्डरांच्या आणि ज्वेलर्सच्या जाहिराती गोळा झाल्यात, मधली आठ पानं रिकामी आहेत, आणि तिथे 'आंतर-क्लब चषक स्पर्धेतील आपल्या क्लबची देदीप्यमान वाटचाल' हा लेख तुम्ही लिहायचा आहे. नाही म्हणून सुटका नाही. सोसायटीच्या गणपतीत तुम्ही एकदा सूत्रसंचालन केलं होतं, ते लोक विसरलेले नाहीत.

घाबरू नका. मी हे काम दोनदा केलंय आणि अजून क्लबात मला चहा मिळतो. तर चार गोष्टी सांगतो.

पहिली अडचण अशी की आपला ठाण्याचा गोल्फ क्लब आहे, पण त्याला गोल्फ कोर्स नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. गोल्फ कोर्सला जे जे लागतं त्यातलं पाणी ठाण्याकडे पिढ्यानपिढ्या आहे, मासुंद्यापासून उपवनपर्यंत. राहिली जमीन. अठरा होलांना निदान शंभर-सव्वाशे एकर लागतात, आणि घोडबंदर रोडला एवढी मोकळी जमीन पाहून ज्याला गोल्फ सुचेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. त्यामुळे आपण पहाटे उठून खारघरला जातो, सिडकोच्या कोर्सवर, पांडवकड्याच्या पायथ्याशी. सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे अकराच होल होते. अठरा पुरे करायला त्यातले सात परत खेळायचे. आपल्या मंडळींना ही सोय फार आवडायची. पहिल्या खेपेला जे आठ फटके लागले ते कुठल्या होलाचे आणि दुसऱ्या खेपेला लागले ते कुठल्या, याचा गोंधळ घालायला भरपूर वाव होता.

हे सगळं लेखात लिहायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. लेखाची सुरुवात लांबून करा. जितकी लांबून कराल तितका क्लब उशिरा येईल. स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूजला १७६४ साली बावीसचे अठरा होल झाले, तिथून निघा. मग १८२९ साली कलकत्त्यात क्लब निघाला, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना, तो घ्या. मग १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, पहिली आगगाडी. गोल्फचा तिच्याशी संबंध काय, असं कोणी विचारणार नाही. ठाण्यात छापलेल्या कुठल्याही स्मरणिकेत ती गाडी आली नाही तर वाचकाला चुकल्यासारखं होतं. इथपर्यंत दीड पान झालं.

आता पुरावे. गोल्फ हा दुष्ट खेळ आहे, कारण त्यात सगळं लिहून ठेवतात. क्रिकेटमध्ये "अंपायरने ढापलं" म्हणता येतं. इथे अंपायर नसतो, प्रत्येक होलाचे फटके कार्डावर मांडायचे, मार्करने, म्हणजे तुमचे फटके लिहून घेणाऱ्याने, सही करायची, खेळणाऱ्याने सही करायची. त्या सहीपुढे देवाचंही चालत नाही. १९६८ साली मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे व्हिसेंझोने सतराव्या होलावर तीन फटके मारले, मार्करने चार लिहिले, याने न वाचता सही ठोकली. ती एक रेघ कायम धरली गेली आणि प्लेऑफ, म्हणजे बरोबरीनंतरची निर्णायक लढत, हुकला. आपल्याकडे सोसायटीच्या पुनर्विकासाच्या करारावर अशाच सह्या होतात, पण तो वेगळा विषय.

तर क्लबाच्या कपाटात जुनी स्कोअरकार्डं आहेत. ती उघडू नका. सेक्रेटरी किल्ली घेऊन आले तरी "राहू द्या, वेळ कमी आहे" म्हणा. आणि लेखात लिहा: 'सुरुवातीच्या काळातील कागदपत्रे २६ जुलै २००५ च्या महापुरात नष्ट झाली.' त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, ही सरकारी नोंद आहे. त्या पाण्यात या भागातल्या किती पतपेढ्यांची खाती, किती सोसायट्यांची इतिवृत्तं आणि किती लोकांच्या मार्कशीटा वाहून गेल्या याचा हिशेब नाही. त्यात आपली चार कार्डं. आपलं कपाट तिसऱ्या मजल्यावर आहे, ही गोष्ट वाचकाला कळायचं कारण नाही.

तरी एखादा खडूस सभासद निकाल विचारतोच. त्याच्यासाठी खेळातच सोय करून ठेवलेली आहे. चषकाचे सामने मॅचप्ले पद्धतीने होतात: प्रत्येक होल म्हणजे एक लढत, जो जास्त होल जिंकेल त्याचा सामना. एखादा पाच होलांनी पुढे गेला आणि खेळायचे चारच उरले, की संपलं; हात मिळवायचे आणि निकाल लिहायचा 'पाच आणि चार'. म्हणजे उरलेले चार होल खेळण्याचीही गरज पडली नाही इतकं धुतलं. पण ठाण्यात टेनिस-बॅडमिंटन बघून मोठी झालेली माणसं राहतात. त्यांना 'आपला खेळाडू ५-४ असा निसटता पराभूत' लिहा. डोळ्यांत पाणी येतं. मी एका वर्षी '८-७' असा निकाल छापला होता, एक वहिनी येऊन म्हणाल्या, "काय झुंज दिली हो यांनी!" त्यांचे यजमान बाजूला उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मला तो विनय वाटला, असं मी म्हटलं.

पराभवांची संख्या फार झाली की मात्र भाषा पुरत नाही, भूगोल लागतो. हा धडा थेट रायडर कपातून घ्या. १९२७ साली ती स्पर्धा सुरू झाली, अमेरिका विरुद्ध ब्रिटन. १९७७ पर्यंत बावीस वेळा खेळले. ब्रिटन तीनदा जिंकलं, एकदा बरोबरी. ती बरोबरी १९६९ ची, जॅक निकलसने शेवटच्या होलावर टोनी जॅकलिनला दोनेक फुटांचा पट, म्हणजे चेंडू होलात ढकलायचा हलका फटका, न मारायला लावताच सोडून दिला म्हणून झालेली. मग साहेबाने काय केलं? सराव वाढवला? छे. १९७३ ला नावात आयर्लंड घेतलं, तरी जमेना, तेव्हा १९७९ ला अख्खा युरोप घेतला. १९८५ ला कप जिंकला. स्पेनच्या माणसाने मारलेल्या पटवर इंग्लंडमध्ये टाळ्या.

आपणही हेच केलं. आधी क्लब नौपाड्याचा होता. हरायला लागल्यावर तो ठाणे शहराचा झाला, मग कल्याण-डोंबिवली घेतली, मग भिवंडीचे दोघे घेतले, त्यातला एक यंत्रमागवाला सेव्हन आयर्न नावाची काठी इतकी सुरेख मारायचा की बघत राहावं. शेवटी वसईचे तिघे आले आणि पहिल्यांदा वाटलं की यंदा. पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई तिकडे गेली. समोरच्या क्लबाने नियम दाखवला: जिल्ह्याबाहेरचे खेळाडू चालणार नाहीत. लेखातला सर्वांत करुण परिच्छेद इथे घाला. 'प्रशासकीय विभाजनाचा फटका' असा मथळा द्या. राज्य सरकारवर हरण्याचं खापर फोडलेला गोल्फ क्लब महाराष्ट्रात दुसरा नसावा, आणि वाचणाऱ्या निम्म्या लोकांना सरकारने आपलं काहीतरी बिघडवलंय असं आधीच वाटत असतं. ते लगेच सामील होतात.

आता हँडिकॅप. इथे जरा हळू चला, कारण खरं काय झालं ते इथेच आहे, आणि म्हणूनच लेखात एक अक्षरही यायला नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी सूट. बहात्तर फटक्यांत संपायला हवा तो कोर्स तुम्ही पंच्याण्णवात संपवत असाल तर ढोबळमानाने तेवीस. खरं गणित किचकट आहे. २०२० पासून जगभर एकच पद्धत आली, तीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ धरतात, आणि कमाल मर्यादा ५४ आहे. दहावाला आणि तेवीसवाला समोरासमोर आले, तर तेवीसवाल्याला तेरा अवघड होलांवर एकेक फटका माफ. अशी सोय फार थोड्या खेळांत आहे. गल्लीतला माणूस चॅम्पियनशी बरोबरीने खेळू शकतो. अट एकच, आपण कसे खेळतो ते खरं लिहायचं.

समोरचा क्लब खरं लिहीत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. वर्षभर त्यांचे लोक चुकवून चुकवून खेळतात, जवळचा पट मुद्दाम बाहेर घालवतात, "गुडघा दुखतोय" म्हणतात, आणि चोवीसचा हँडिकॅप घेऊन चषकाला येतात. नेमका त्या दिवशी गुडघा बरा होतो आणि पंच्याऐंशी मारून जातात. अशांना सँडबॅगर म्हणतात. लबाडी आहे, वादच नाही.

पण आपण? आपणही खरं लिहीत नाही. आपलं खोटं उलट्या बाजूने असतं. आपल्या मंडळींना हँडिकॅप वाढलेला चालत नाही, कारण तो लग्नकार्यात सांगावा लागतो. "काका, गोल्फ खेळता? किती आहे तुमचा?" याला "सव्वीस" हे उत्तर गोखले रोडवर राहणारा माणूस देऊ शकत नाही. म्हणून पहिल्या टीवरचा, म्हणजे होल जिथून सुरू होतो तिथला, फसलेला फटका धरत नाहीत, "हात गरम करत होतो". चेंडू हरवला तर शोधायला नियमाने तीन मिनिटं. २०१९ आधी पाच असायची. आपल्याकडे सहा माणसं बारा मिनिटं शोधतात, आणि शेवटी तो ज्याचा त्यालाच सापडतो, छान गवतावर, पँटच्या खिशाच्या बरोबर खाली. सहा फुटांचा पट "राहू दे, देऊन टाकला". सत्त्याण्णव मारून कार्डावर अठ्ठ्याऐंशी. असं वर्षभर केलं की हँडिकॅप चौदा होतो, कोणाचा बाराही. काय थाट.

आणि मग चषकाचा दिवस येतो. तिथे समोरचा मार्कर असतो. पहिल्या टीवर हात गरम करू देत नाहीत. आपला कागदावरचा चौदावाला त्यांच्या कागदावरच्या चोवीसवाल्याला दहा होलांवर फटका माफ करून खेळायला उतरतो, आणि प्रत्यक्षात तोच याच्यापेक्षा दहाने बरा असतो. पाच आणि चार. त्यांचा हँडिकॅप इन्कम टॅक्सच्या रिटर्नसारखा, आपला लग्नाच्या बायोडेटासारखा. रिटर्नवाला प्रत्येक वर्षी बायोडेटावाल्याला हरवतो, आणि संध्याकाळी आपलीच माणसं त्यांना "लबाड" म्हणत वडापाव खातात.

हे मी एकदा बैठकीत सांगितलं होतं. शांतता पसरली. मग अध्यक्ष म्हणाले, "पुढचा विषय, टी-शर्टचा रंग."

टी-शर्टवरून आठवलं, संघनिवडीबद्दल लिहिताना 'अनुभव आणि उमेद यांचा मेळ' एवढंच लिहा. टी-शर्ट ज्याने दिले तो संघात असतोच, जेवण ज्याचं तो त्याचा जोडीदार. फोरसम्स नावाचा प्रकार यांना देतात, दोघांत एक चेंडू, एकाआड एक फटका. एकाने कणीक भिजवायची, दुसऱ्याने लाटायची, आणि पोळी करपली की दोघांनी एकमेकांकडे बघायचं.

एक वर्ष आपण जिंकलो. हो, चषक आणला होता. ते पान रंगीत छापतात, त्यामुळे नीट लिहा. त्या दिवशी मुसळधार पाऊस होता, घोडबंदरच्या गायमुखाच्या चढावर एक ट्रेलर आडवा झाला, आणि मीरा रोडकडून येणारा समोरचा संघ टी-ऑफच्या वेळेला पोचला नाही. आपण आदल्या रात्रीच खारघरला एकाच्या मेहुण्याकडे मुक्कामाला होतो. हे 'दूरदृष्टीपूर्ण नियोजन' या शब्दांत येतं. फोटोत सगळे कोरडे दिसतात, केस विंचरलेले, बुटांना चिखल नाही. त्याखाली 'विजयानंतर दमलेला संघ' असं लिहू नका. मी लिहिलं होतं.

लेख झाला की अध्यक्ष तो वाचतील, म्हणजे स्वतःचं नाव किती वेळा आलंय ते मोजतील. पाच पुरतात. मग सेक्रेटरी म्हणतील, "शेवटी लेखकाचा परिचय दोन ओळींत द्या: शिक्षण, व्यवसाय, हँडिकॅप." तुमचा आहे तेवीस. खरं तर पंचवीस, पण ते दोन पावसाळ्यातले आहेत.

चौदा लिहा. लिहालच. माझ्या परिचयातही चौदाच आहे.

आणि स्मरणिका वाटली गेली की एखाद्या रात्री साडेदहाला कॅप्टनचा फोन येईल. लेख त्याने वाचलेला नसेल, परिचय वाचलेला असेल. "साहेब, रविवारी चषक आहे. माजिवड्याला पुलाखाली उभे राहा, पहाटे पावणेपाचला. आणि एक्स्ट्रा लार्ज चालेल ना? मोरपंखी ठरलाय."