तिने शहर सोडावे का?

न्यूयॉर्कमधील फ्लशिंगच्या गणपती मंदिरात रविवारी डोसा खाल्ल्यावर बाऊन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आमचा कट्टा भरतो. या वेळी वाद रंगला तो माझ्या वर्गातील, चीनमधील फूचौ शहरातून आलेल्या २१ वर्षांच्या मुलीवरून. तिचे वडील दुसऱ्या राज्यात स्वयंपाकी आहेत, आई मामाच्या टेक-आउटमध्ये, म्हणजे बांधून नेण्याच्या जेवणाच्या दुकानात, राबते आणि संध्याकाळी काउंटर हिच्याकडे असतो. खांद्याने फोन कानाशी दाबून ऑर्डर घेताना, मटारशेंगांच्या शिरा काढता काढता गल्ल्याला टेकवलेल्या वहीवर नजर टाकणारी ही मुलगी मी स्वतः पाहिली आहे. आता तिच्या मित्राला सिअॅटलला नोकरी लागली असून त्याने तिला सोबत बोलावले आहे.

अण्णांचे मत ठाम होते, की आईबापांनी हाडाची काडे केली असताना मुलीने पाठ फिरवू नये. भाऊ तितक्याच तळमळीने म्हणाले, की आयुष्य तिचे आहे. वहिनींनी मात्र दोघांनाही थांबवून विचारले, की त्या घरात ती नेमके काय काय करते? भाडेकरार, दवाखान्याची पत्रे, धाकट्या भावाची पालकसभा. त्या घराचे सगळे इंग्रजी तिच्या एकटीच्या जिभेवर चालते. मला वहिनींचे पटले. ज्याला आपण संस्कार म्हणतो, ते तिच्या बाबतीत रोजचे बिनपगारी काम आहे.

भाऊंनी मग कायद्याचा विषय काढला. अमेरिकेने चिनी मजुरांना १८८२ साली घातलेली प्रवेशबंदी १९४३ मध्ये उठली, तरी वर्षाला जेमतेम १०५ चिनी लोकांना प्रवेश होता. १९६५ च्या कायद्याने नात्यांना प्राधान्य दिले, म्हणूनच मामाला बहिणीसाठी अर्ज करता आला आणि कित्येक वर्षांनी हे कुटुंब इथे पोहोचले. भावाच्या आधाराने आलेल्या बाईला मुलीचे जाणे जिव्हारी लागणार, यात मला हट्ट दिसत नाही.

“धाकटा १४ वर्षांचा आहे, तो वाचील पत्रे,” भाऊ म्हणाले.

“म्हणजे तेच जू त्याच्या मानेवर,” अण्णा म्हणाले, आणि या मुद्द्यावर ते वहिनींच्या बाजूला आले.

मेन स्ट्रीटवरच्या सार्वजनिक ग्रंथालयात प्रौढांसाठी इंग्रजीचे वर्ग चालतात. आईला तिथे बसवायचे, तर मामाने तिला आठवड्यातून दोनदा लवकर सोडायला हवे. ही गोष्ट मामाकडे मुलीनेच काढावी, आणि सिअॅटलचे नाव घेण्याआधी काढावी, असे मी उद्या वर्गात तिला सांगणार आहे.