ऐच्छिक म्हणजे ऐच्छिकच हो!

परत तेच. मेल गाळणाऱ्या प्रोग्रामची मूळवाल्यांनी नवी आवृत्ती काढली. बदल काय, तर महिरपी कंस खालच्या ओळीवर नेले, कोड 'नीटनेटका' केला. काम तसूभर बदललं नाही, पण त्यावर लावायला मी लिहिलेले सहाच्या सहा ऐच्छिक पॅच (मूळ कोडमध्ये करायच्या बदलांच्या फायली) आडवे! पॅच बनवणारा 'डिफ' प्रोग्राम प्रत्येक बदलाच्या वर-खाली तीन-तीन ओळी खूण म्हणून ठेवतो. त्या खुणाच पुसल्यावर पॅच बिचारा जागा शोधणार कुठे? रात्री दीड वाजता न बसलेले तुकडे जिथे पडतात त्या '.रेज' फायली उघडून एकेक तुकडा हाताने बसवतोय.

बरं, लागला नाही तर निदान कळतं तरी. खरी धास्ती 'फझ २', म्हणजे खुणेच्या दोन-दोन ओळी जुळल्या नाहीत तरी चालेल, म्हणत भलत्याच जागी गुपचूप चिकटणाऱ्याची. मेलच्या हेडरच्या (वरच्या विषय-पत्त्याच्या भागाच्या) दुमडलेल्या ओळी जोडणारा पॅच एकदा असाच शेजारच्या फंक्शनमध्ये जाऊन बसला. कंपाइल झालं व्यवस्थित, आणि लांबलचक विषयाच्या मेल थेट कचऱ्यात.

आणि लोक! पॅचसोबत 'ऐच्छिक' असं ठळक लिहिलंय, क्रम लिहिलाय, लावताना '-पी१' (फायलीच्या पत्त्यातला पहिला फोल्डर वगळा) द्या म्हणून लिहिलंय. तरी एक महाशय पाचवा आधी लावतात, मग पहिला, आणि मलाच सुनावतात, "तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही." अहो, सॉफ्टवेअर माझं नाहीच! घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय, वर "जरा करपलीय" हेही ऐकायचं.

काल एकाने दुरुस्ती पाठवली, देव त्याचं भलं करो. मेलच्या मजकुरातच चिकटवलेली, लांब ओळी मधेच तुटलेल्या. सापडली कुठे? माझ्याच स्पॅम फोल्डरात.