नाव बदललंय म्हणे!

परत तेच रील. समुपदेशक बाई खुर्चीत, मागं बासरी: "काल एक क्लायंट आली. नाव बदललंय हं." अहो, नाव बदललं, पण 'परभणीजवळचं गाव, नवरा एसटीत कंडक्टर, जुळ्या पोरी' हे कशाला ठेवलं? आमच्याकडं एवढ्यावर टपरीवरचं पोरगंबी घर दाखवून देतंय! तिनं सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगितलं, अन् तुम्ही त्यावर लाइक गोळा करायलात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. त्यात कलम २३ गोपनीयतेचंच आहे, पण वाचतंय कोण? (प्रमाणपत्र मात्र भिंतीवर फ्रेम करून.) वरून रीलखाली लिहिलंय, 'तुमचीही गोष्ट डीएम करा.' अन् कमेंटमध्ये पहिला बदाम तिच्याच जावेचा.